आकडा, एकक, मग आउटपुट



मी सावरगावचा आहे असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘म्हणजे ते गोटमारवालं का?’ हो, तेच. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला आमचं सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत पळसाचं झाड रोवतात आणि दोन्ही काठांवरून दगड चालतात. त्याबद्दल दरवर्षी पेपरात येतंच, म्हणून मी त्यावर लिहीत नाही. यंदा पोळ्याला घरी गेलो असताना दादाच्या दुकानात जे दोन दिवस गेले, त्याबद्दल लिहितो. आपल्या मंडळातली बरीच मुलं-मुली इंजिनिअरिंगला आहेत किंवा जाणार आहेत. त्यांच्या उपयोगाचं त्यात काही आहे, असं वाटतं.

दादाचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. पंपाच्या मोटरी, स्टार्टर, ऑटो स्विच, असं सगळं तिथं दुरुस्तीला येतं. गेल्या वर्षी मी पुण्याहून त्याला दोन जुनी, पण चांगल्या अवस्थेतली उपकरणं पाठवली होती. एक फंक्शन जनरेटर, म्हणजे हव्या त्या वारंवारतेची विजेची लहर तयार करणारं यंत्र, आणि एक बेंच पॉवर सप्लाय, म्हणजे हवं तेवढंच व्होल्टेज देणारं यंत्र. दोन्हींच्या तोंडावर आकड्यांची बटणं, एक गोल खुंटी आणि छोटा पडदा. यंदा पाहतो तर दोन्ही फडक्यात गुंडाळलेली. दसऱ्याला लावलेलं हळद-कुंकू तसंच होतं, बाकी वापर शून्य.

दादा म्हणाला, “बाप्पा, एवढी महाग वस्तू. चुकीचं बटण दाबलं अन् बिघडली तं?”

रात्री जेवणं झाल्यावर वहिनींनी मला बाजूला बोलावलं. “भाऊजी, तुम्ही जरा पोरीशी बोला. इंजिनिअरिंग नको, बँकेच्या परीक्षा देतो म्हणून राहिली.”

पुतणी नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मार्क चांगले. मग झालं काय? बरंच खोदून विचारल्यावर बोलली. मागच्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला सांगितलं, दीड किलोहर्ट्झची, दोन व्होल्टची साइन वेव्ह लावून दाखव. ती पॅनलसमोर नुसती उभी राहिली. परीक्षकांनी विचारलं, ‘तीन वर्षांत मशीनला हातच लावला नाही का?’

“अन् खरंच नाही लावला, काका,” ती म्हणाली. “आमच्या बॅचमध्ये सहा जण. मशीन एक. समोर पोरं उभे राहतेत, बटणं तेच दाबतेत. माझं अक्षर चांगलं, म्हणून रीडिंग माझ्याकडे. सगळ्यांच्या जर्नलमध्ये माझं रीडिंग हाये, पण मले बटण एकही माहीत नाही.”

मी काही बोललो नाही. कारण त्या वयात मी समोर उभा राहणाऱ्या पोरांपैकी होतो. आमच्याही टेबलावर वही दुसऱ्या कुणाकडे तरी असायची. ती कुणाकडे असायची, हे आठवायला मला रात्री बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातलं टेबल रिकामं केलं, फडकी काढली. माझ्या बॅगेत एक हातात मावणारा ऑसिलोस्कोप होता, तो जनरेटरला जोडला. पुतणीला खुर्चीवर बसवलं आणि मी स्टुलावर मागे बसलो. नियम एकच सांगितला, दिवसभर बटणाला मी हात लावणार नाही.

पहिला धडा असा. असल्या उपकरणाला कुठलीही गोष्ट सांगायची तर ती तीन तुकड्यांत सांगायची असते. आधी काय बदलायचं ते, म्हणजे फ्रीक्वेन्सी, अँप्लिट्यूड की ऑफसेट. मग आकडा. मग एकक. आकडा टाकला की पडद्यावर दिसतो, पण यंत्राने तो अजून मान्य केलेला नसतो. ते एककाची वाट बघत थांबतं. ‘दीड’ एवढंच म्हटलं तर काय समजायचं? दीड हर्ट्झ, दीड किलो की दीड मेगा? म्हणून बऱ्याच जनरेटरवर वेगळं एंटरचं बटण दाबावं लागत नाही. आकडा टाकला की पडद्याच्या खालच्या बटणांवर एककं उमटतात. त्यातलं एक दाबलं की तेच एंटर. बाजारात दुकानदाराला नुसतं ‘दोन द्या’ म्हटलं तर तोही विचारतोच, किलो की पाव?

तिने फ्रीक्वेन्सीचं बटण दाबलं आणि दीड टाकायला गेली. पडद्यावर साडेसात आलं. ती एकदम हात मागे घेऊन म्हणाली, “पाहा, चुकलं.”

चूक तिची नव्हती, मोबाइलच्या सवयीची होती. मोबाइलवर १, २, ३ वरच्या ओळीत असतात. कॅल्क्युलेटरवर आणि असल्या बहुतेक उपकरणांवर वरच्या ओळीत ७, ८, ९ असतात. फोनला बटणं आली तेव्हा अमेरिकेतल्या बेल कंपनीने वेगवेगळ्या मांडण्या माणसांकडून वापरून बघितल्या आणि १ वर ठेवायचं ठरवलं. तो फोन १९६३ साली बाजारात आला. कॅल्क्युलेटरवाले मात्र आपल्या जुन्या मांडणीवर राहिले. तेव्हापासून आपली बोटं या दोघांमध्ये अडकली आहेत. यावर उपाय सोपा आहे. डाव्या बाणाचं किंवा बॅकस्पेसचं बटण शेवटचा अंक खोडतं, कॅन्सलचं बटण सगळंच रद्द करून जुना आकडा परत आणतं. एकक दाबेपर्यंत काहीही बिघडत नाही. हे कळल्यावर तिचे खांदे जरा सैल झाले.

मग मी एक मेगाहर्ट्झ लावायला सांगितलं. तिने १ टाकला, एकक दाबलं, आउटपुट सुरू केलं. ऑसिलोस्कोपवर सरळ आडवी रेघ. लहर नाहीच. तिने वायर हलवून पाहिली, प्रोब बदलून पाहिला. दादा दारातून म्हणाला, “गेली वाटते मशीन.”

मशीन ठणठणीत होती. एककांच्या बटणांत इंग्रजी ‘एम’ दोनदा असतो. मोठ्या लिपीतला एम म्हणजे मेगा, दहा लाख. लहान लिपीतला एम म्हणजे मिली, एकाचा हजारावा भाग. तिने लहान एम दाबला होता. एक मिलिहर्ट्झची एक लहर पूर्ण व्हायला हजार सेकंद लागतात, म्हणजे सोळा मिनिटं चाळीस सेकंद. लहर येत होती, पण इतकी सावकाश की रेघच दिसणार. दोन एममधला फरक शंभर कोटी पटींचा आहे. ती हसायला लागली. आदल्या रात्रीपासून पहिल्यांदाच हसली. मग मुद्दाम मिलिहर्ट्झ तसाच ठेवून घड्याळ लावून बसली आणि रेघ हळूहळू वर चढताना बघत राहिली.

दुपारी आणखी एक गोष्ट झाली. ही सांगतोच, कारण यापायी अनेक जर्नलमध्ये खाडाखोड होते. तिने अँप्लिट्यूड एक व्होल्ट लावला. ऑसिलोस्कोप दोन व्होल्ट दाखवत होता. तिने परत टाकला, परत दोन. इथेही तिचं चुकलेलं नव्हतं. जनरेटरच्या पोटात ५० ओहमचा रोध असतो आणि कारखान्यातून येताना बहुतेकांची समजूत असते की समोर जोडलेली वस्तूही ५० ओहमचीच आहे. दोघांमध्ये व्होल्टेज अर्धं-अर्धं वाटलं जाणार, म्हणून ते आतून दुप्पट देतं आणि पडद्यावर अर्ध्याचा आकडा दाखवतं. ऑसिलोस्कोपचा रोध असतो दहा लाख ओहम. तिथे वाटणी होतच नाही, सगळंच्या सगळं पोचतं. मेनूत लोड म्हणून एक जागा असते, तिथे ५० ओहमऐवजी हाय-झेड निवडलं की दोन्ही आकडे जुळतात. तिने निवडलं, जुळले. मग स्वतःच वहीत लिहून ठेवलं. वही आता तिचीच होती आणि बटणंही.

अँप्लिट्यूडचं एककही बघून दाबावं लागतं. व्होल्ट पीक-टू-पीक आणि व्होल्ट आरएमएस ही दोन बटणं शेजारी-शेजारी असतात. साइन वेव्हचा एक व्होल्ट आरएमएस म्हणजे २.८३ व्होल्ट पीक-टू-पीक. आकडा तोच, एकक दुसरं, आणि समोरच्या सर्किटला जवळजवळ तिप्पट.

आता माझी गोष्ट. ती मी त्या दिवशी तिला सांगितली आणि इथेही सांगतो.

आकडा बदलायचा दुसरा रस्ता म्हणजे गोल खुंटी. पडद्यावर एका अंकाखाली रेघ असते. बाणाच्या बटणांनी ती डावीकडे-उजवीकडे न्यायची आणि खुंटी फिरवून तो अंक वर-खाली करायचा. बारीक बदल करायला फार सोयीचं. पण आकड्यांच्या बटणांत आणि खुंटीत मोठा फरक आहे. बटणांनी टाकलेला आकडा एककाची किंवा एंटरची वाट बघतो. खुंटी बहुतेक यंत्रांत वाट बघत नाही. फिरवली की त्याच क्षणी बाहेरचं व्होल्टेज बदलतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बोर्डाला ३.३ व्होल्ट लावलेले होते आणि मला ३.४ करून बघायचे होते. आउटपुट चालूच होतं. रेघ दशांशाखाली आहे असं मी धरून चाललो होतो. ती दहाच्या अंकाखाली होती. खुंटी एक घर फिरली आणि बोर्डाला १३.३ व्होल्ट गेले. त्यात आधी कुणीतरी करंटची मर्यादा तीन अँपियरवर ठेवून गेलं होतं, तीही मी पाहिली नव्हती. आवाज झाला नाही, फक्त वास आला. तो बोर्ड शेजारच्या टेबलावरच्या एका मॅडमनी सहा आठवडे खपून उभा केला होता आणि त्याची दुसरी प्रत नव्हती. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, “चालू ठेवून का फिरवलंस?” मला आजही त्याचं उत्तर देता आलेलं नाही.

पुतणीने विचारलं, “मग नोकरी गेली नाही?”

“नाही गेली. पण तुला वाटतं ना, हात न लावणाऱ्यांचंच चुकतं? हात लावणाऱ्यांचंही चुकतं. आमची चूक फक्त परीक्षकांसमोर होत नाही.”

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला या बटणांची दुसरी बाजूही माहीत आहे. माझं काम म्हणजे असल्या उपकरणांना संगणकावरून हुकूम देणारे प्रोग्राम लिहिणं. त्या हुकुमांची एक सामाईक भाषा १९९० साली ठरली. तिच्यातही क्रम हाच, काय बदलायचं, आकडा, एकक. गंमत अशी की पॅनल एककासाठी थांबतं, ही भाषा थांबत नाही. एकक लिहायचं राहिलं तर उपकरण आपल्या मनाने हर्ट्झ किंवा व्होल्ट धरतं आणि पुढे जातं. आणि प्रोग्राम चालू असताना पॅनलची बटणं बऱ्याचदा कुलूपबंद होतात. अशा वेळी मशीन मेली असं समजू नका. लोकल लिहिलेलं बटण शोधा, ते दाबलं की ताबा परत तुमच्याकडे येतो.

आकडे घेणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाने थेरॅक-२५ ची गोष्ट वाचलेली असावी. हे कॅन्सरवर किरणोपचार करणारं, कॅनडात बनलेलं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात त्याच्यामुळे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांचा मारा बसला, त्यातले काही दगावले. टेक्सासमधल्या एका घटनेत ऑपरेटरने उपचाराचा प्रकार लिहिताना चुकून दुसरं अक्षर टाकलं, ते लगेच लक्षात आलं, बाणाच्या बटणाने वर जाऊन दुरुस्तही केलं. पडद्यावर सगळं बरोबर दिसत होतं. पण दुरुस्ती इतक्या झटपट झाली होती की आतल्या प्रोग्रामला ती कळलीच नाही. पडद्यावर एक आणि आत दुसरं. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या सगळ्याचा सविस्तर लेख लिहिला. ऑपरेटर निष्काळजी नव्हती. बटण दाबणाऱ्यावर खापर फोडण्याआधी बटणामागे काय लिहिलंय ते बघावं, हे मी त्या लेखातून शिकलो.

संध्याकाळी शेजारचे काका आले. त्यांच्या बोअरच्या ऑटो स्विचचा बोर्ड बंद पडला होता. पावसाने दहा-बारा दिवस ओढ दिली होती. “पाणी नाही भेटलं तं अंबियाचा संत्रा गळते, भाऊ,” ते दादाला म्हणाले. आमच्याकडे संत्रा म्हणजे वर्षाचं गणित असतं. दादाने बोर्ड उलटून-पालटून बघितला, त्याच्या काट्याच्या मल्टिमीटरने दोन-तीन ठिकाणी तपासला आणि माझ्याकडे बघितलं. मी पुतणीकडे बघितलं.

“मी?”

“नियम सकाळचाच आहे. मी हात लावणार नाही.”

बोर्डावर बारा व्होल्टचा भाग होता, तो पॉवर सप्लायवरून चालवून बघायचा होता. तिने आउटपुटचा दिवा बंद आहे ना, ते आधी पाहिलं. व्होल्टेजचं बटण, एक, दोन, एंटर. मग करंटचं बटण, शून्य, पॉइंट, दोन, एंटर. मागे सरकून पडदा मोठ्याने वाचला, “बारा व्होल्ट, शून्य पॉइंट दोन अँपियर.” मग वायरी जोडल्या, लाल-काळी पुन्हा एकदा तपासली, आणि आउटपुट.

व्होल्टेज बारावर गेलंच नाही. जेमतेम एक व्होल्टावर थांबलं, करंट ०.२ वर, आणि सी.सी.चा दिवा लागला. तिने घाबरून आउटपुट बंद केलं. “मी जाळलं का?”

जाळलं नव्हतं, वाचवलं होतं. सी.सी.चा दिवा म्हणजे बोर्ड तुम्ही आखून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त करंट मागतोय आणि सप्लाय तो देत नाहीये. याचा अर्थ बोर्डावर कुठेतरी शॉर्ट आहे. मर्यादा तीन अँपियर असती तर मला नोकरीच्या पहिल्या वर्षी आला होता तोच वास आला असता. एवढं सांगितल्यावर पुढचं दादाचं काम होतं, आणि त्यात तो आमच्या दोघांचा बाप आहे. दहा मिनिटांत त्याने सप्लायच्या तोंडाशी असलेला झेनर डायोड शॉर्ट झालेला शोधला, जुन्या बोर्डावरून दुसरा काढून लावला. पुतणीने परत तेच केलं. आउटपुट बंद, आकडा, एंटर, वाचन, आउटपुट. या वेळी बारा व्होल्ट, ०.०६ अँपियर, आणि बोर्डावरचा हिरवा दिवा लागला.

दादा काही बोलला नाही. रात्री दुकान बंद करताना त्याने उपकरणं फडक्यात न गुंडाळता टेबलावरच ठेवली.

तिने त्या दिवशी वहीत जे लिहिलं, ते तिच्या परवानगीने इथे देतो. कुणाच्या घरी प्रॅक्टिकलची तयारी चालू असेल तर उपयोगी पडेल.

१. आधी आउटपुट बंद आहे का ते पाहा. आधीचा माणूस काय ठेवून गेलाय, ते आपल्याला माहीत नसतं.

२. काय बदलायचं ते बटण, मग आकडा, मग एकक. एकक वाचून दाबा, मोठा एम की लहान एम.

३. चुकलं तर बॅकस्पेस किंवा कॅन्सल. एकक किंवा एंटर दाबेपर्यंत काही होत नाही.

४. जनरेटरवर लोडची सेटिंग, पॉवर सप्लायवर करंटची मर्यादा. ही दोन्ही विसरायची नाहीत.

५. खुंटी फिरवण्याआधी रेघ कोणत्या अंकाखाली आहे ते पाहा.

६. पडदा मोठ्याने वाचा. मगच आउटपुट.

बँकेच्या परीक्षेचं तिने काय ठरवलं ते मला ठाऊक नाही आणि मी विचारलंही नाही. ती परीक्षाही वाईट नाही. नागपूरला परत जाताना मात्र फोन करून एवढंच म्हणाली, “काका, यंदा बॅचमध्ये वही आळीपाळीने ठेवायची असं मी सरांना सांगणार हाये.”

आपल्या मंडळातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना माझी एक विनंती आहे. पुढच्या प्रॅक्टिकलला पॅनलसमोर उभे असाल तर एकदा मागे वळून बघा, वही कुणाच्या हातात आहे. आणि वही हातात असलेल्या मुलींनो, ती खुशाल टेबलावर ठेवा. रीडिंग दोन मिनिटं उशिरा लिहिलं तरी चालतं.

पुढच्या अंकात भेटू.